हिरवं तेवढं चालतं

माझी अर्धशिशी डाव्या बाजूची. लग्नात मिळालेल्या भांड्यांपैकी आज एकही पातेलं घरात शिल्लक नाही, ही मात्र टिकून आहे. अधूनमधून येते, पाहुणी आल्यासारखी बसते, निघून जाते. मी आता तिचा फार मानपान करत नाही. गोळी घेते, खिडकी लावते, झोपते. पण पन्नाशीच्या पुढं नुकतीच सरकलेली जी बाई तेव्हा या घरात माझ्या नावानं वावरायची, तिचा थाट वेगळा होता. पन्नाशी म्हणजे आताच्या मानानं पोरगीच म्हणायची. तिची गोष्ट सांगायला बसले की मला आधी हसू आवरावं लागतं.

ती आजारी पडायची ती निजाम पडल्यासारखी. कपाळावर सुंठीचा लेप, त्यावर करकचून बांधलेली पट्टी, खिडकीला जाड चादर. त्या दिवशी घरात कुकरची शिट्टी वाजायची नाही. आमच्या ह्यांनी चपला अंगणात काढून चोरासारखं आत यायचं. धाकटी जाऊ भिंतीपलीकडच्या घरात राहायची, तिच्या कोंबड्यावरसुद्धा इथून हुकूम सुटायचा.

"आक्का, कोंबड्याला कसं गप करू? तोंड दाबून धरू का?" जाऊ दारातून विचारायची.

आतून उत्तर यायचं, "धर."

डोक्याच्या जोडीला आमवात होता. सकाळी उठल्यावर हाताची बोटं अशी ताठ की नमस्कार तेवढा करता यायचा, मूठ वळायची नाही. उन्हं अंगणात आली, गरम पाण्यात हात बुडवून झाले, की हळूहळू बोटं माणसात यायची. हिंगोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. ते म्हणायचे, हे असंच चालायचं, गोळी सोडू नका, जेवण वेळेवर करा. एवढं साधं सांगणारा डॉक्टर तिला काही फार हुशार वाटायचा नाही.

पोळ्याच्या सुमाराला पोरीचा फोन आला. दिवस गेले होते. पहिलंच. पोरगी डोंगरकडा गावात दिलेली, घर चांगलं, दारापुढं केळीची बाग. मी त्याच दिवशी जुनी मऊ लुगडी काढून दुपटी फाडायला घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय होतं?

दिवाळी झाल्यावर मात्र पोरीच्या सासूचा फोन आला. आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात. या ईनबाई बोलायला गोड, आणि गोड बोलूनच माणसाला जागेवर बसवणाऱ्या.

"ईनबाई, राग मानू नका. तुमचं डोकं असं, हात असे. लेकराला न्हाऊमाखू घालायचं म्हणजे हातात जोर पाहिजे. आमी म्हणतो, बाळंतपण इकडंच करू. तुमी या की चार दिवस पाहुण्या म्हणून."

पाहुण्या म्हणून. स्वतःच्या पोरीच्या बाळंतपणाला.

"मला काय झालंय?" ती बाई म्हणाली. "मी ठणठणीत हाय." आणि बोलता बोलता फोन तिच्या बोटांतून सुटला आणि पिठाच्या परातीत पडला. पिठातून ईनबाईंचा आवाज येत होता, "हॅलो, काय पडलं? ईनबाई, तुमी पडल्या का?"

शेवटी असं ठरलं की संक्रांतीनंतर त्या पोरीला घेऊन ओटी भरायला येतील. "तवा बघू," त्या म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ काय, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. त्या मला तपासायला येणार होत्या.

मला दुसरं काही नको होतं. न्हाणीतल्या दगडावर पाय लांब करून बसायचं, पहिलं नातवंड नडग्यांवर पालथं घालायचं आणि त्याला न्हाऊ घालायचं. माझ्या आईनं माझ्या पोरीला असंच घातलं होतं, मी बाजेवरून बघत होते. एवढ्यासाठी ती बाई काहीही करायला तयार होती. पालासुद्धा खायला.

घरात नुकताच व्हिडिओ दिसणारा मोठा फोन घेतला होता आणि बचत गटाच्या बायका सकाळपासून एकमेकींना काय काय पाठवायच्या. त्यात एक व्हिडिओ आला. पांढऱ्या स्वयंपाकघरात एक सडपातळ बाई उभी होती. ओट्यावर ना डबा, ना तेलाची किटली, ना पोळपाट. असल्या स्वयंपाकघरात कोणी कधी स्वयंपाक केला असेल असं वाटत नव्हतं. ती म्हणत होती, आपल्या शरीरात वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असतो, डोकेदुखी आणि सांधेदुखी त्या कचऱ्यातूनच येते. चहा बंद, दूध बंद, धान्य बंद, तेल बंद. काही दिवस फक्त हिरवं खा, हिरवं प्या, शरीर स्वतःला धुऊन काढील. याला म्हणतात डिटॉक्स. सुरुवातीला डोकं जास्त दुखेल, घाबरू नका, तो कचरा बाहेर पडत असतो. आणि औषधं हासुद्धा कचराच.

तिनं हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं.

"काय टाकून राहिलीस?" ते म्हणाले.

"टाकणं न्हाई वो. डिटॉक्स. कचरा काढायचा."

"काढ. पाला खायचा तर खा. पण डॉक्टरच्या गोळीला हात लावशील तर बघ, मीच डोंगरकड्याला फोन करीन."

ईनबाईंचं नाव काढल्यावर ती मुकाट झाली. गोळ्या चालू राहिल्या. त्या माणसानं आयुष्यात दिलेल्या धमक्यांमधली ही एक कामाची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बंद झाला. त्याआधी ती उठल्यावर एक कप, म्हशीचं झाल्यावर एक कप, जाऊ आली की एक कप आणि जाऊ गेली की सुटल्याचा एक कप असा चहा पिणारी बाई होती. चहा बंद झाल्यावर डोकं दुखायचं थांबेल कसं? दुपारपर्यंत कवटीत कोणी तरी खलबत्ता घेऊन बसलं. आणि काय सांगू, ती खूश झाली. पट्टी बांधून पडली होती, पण चेहऱ्यावर समाधान.

जाऊ बघायला आली. "आक्का, लय दुखून राहिलं का?"

"लय चांगलं दुखून राहिलं."

"चांगलं?"

"कचरा निघून राहिला, बाई."

जाऊनं तिच्याकडं, मग छताकडं पाहिलं. "लय जुना दिसतो. सासूबाईंच्या टायमाचा असंल."

त्या दिवसांत कोणी विचारलं, "कसंय डोकं?" तर ती अभिमानानं सांगायची, "कालच्यापेक्षा जास्त." ज्या दिवशी थोडं कमी दुखायचं त्या दिवशी तिला काळजी वाटायची, कचरा अडकला की काय.

सकाळी मिक्सरमध्ये पालक, कोथिंबीर, करडईचा कोवळा पाला आणि पाणी फिरवायचं. त्याचा रंग ओढ्याकाठच्या शेवाळासारखा. ग्लास नाकाशी आला की डोळे आपोआप मिटायचे. गोठ्यातली म्हैस मान वळवून त्या ग्लासाकडं बघत बसायची.

"अर्धा तिला ठेव," हे म्हणायचे. "तिच्या वाट्याचं पिऊन राहिलीस. संध्याकाळी दूध मागायला तोंड राहील का तुला?"

तीनेक दिवस ती असं जगली. काकडी, कोशिंबिरी, उकडलेल्या भाज्या, पेरू. चहाची डोकेदुखी सरली आणि तिच्या जागी भुकेची सुरू झाली. चालताना तिला झाडं हलल्यासारखी वाटायची. घरात भाकरी भाजायची तीच, आणि तव्यावर भाकरी टम्म फुगली की तिला रडू यायचं. ईनबाई यायला अजून बरेच दिवस होते.

तिला वाचवलं ते जाऊनं. म्हणजे वाचवलं म्हणा की बुडवलं म्हणा. शेतात ज्वारी हुरड्यात आली होती. जाऊ ओंजळभर गरम हुरडा पदरात घेऊन आली आणि तिच्या समोर बसून एकटीच खायला लागली. असली छळवादी बाई मी दुसरी बघितली नाही.

"माझ्यासमोर काहून खाऊन राहिलीस?"

"मग तुमीबी खा."

"ज्वारी हाय ती. धान्य बंद हाय."

जाऊनं एक दाणा चिमटीत धरून उजेडात नेला. "रंग सांगा."

तिनं तोंड फिरवलं.

"सांगा की, आक्का. हिरवा हाय का न्हाई?"

"हिरवा हाय."

"तुमची ती व्हिडिओवाली काय म्हणली? हिरवं खा. ज्वारी वाळली की धान्य. आता ही भाजीच हाय."

मी शाळेत फार शिकले नाही, पण असा युक्तिवाद वकिलालासुद्धा सुचला नसता. त्या बाईनं थोडा विचार केल्यासारखं दाखवलं आणि हात पुढं केला. पोटात गरम हुरडा गेल्यावर झाडं जागेवर उभी राहिली.

एकदा वाट सापडल्यावर मग काय. हरभऱ्याचे घाटे हिरवे. तुरीच्या शेंगा हिरव्या. ओल्या वाटाण्याची उसळ हिरवी, आणि फोडणी दिसत नाही म्हणून तिच्यातलं तेल धरायचं नाही. लसणाची पात हिरवी, मिरची तर देवानंच हिरवी केलेली, म्हणून ठेचा. ठेचा नुसता खाता येत नाही, म्हणून मेथीची भाकरी. मेथी पुष्कळ आणि पीठ लागायला पाहिजे तेवढंच, हे तिनं स्वतःला बजावून सांगितलं. त्यानंतर जाऊ आमच्या जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातून हिरव्या रंगाची बर्फी घेऊन आली. वर पिस्त्याचा एक तुकडा होता, बाकी सगळा रंगच. दोघींनी ती बर्फी मधे ठेवून बराच वेळ तिच्याकडं बघितलं.

"चालती का?" तिनं विचारलं.

"आक्का, हिच्याइतकं हिरवं तर पालकबी नसतंय," जाऊ म्हणाली.

संक्रांत आली तेव्हा तिच्या चोळीची बटणं लागत नव्हती. शरीर धुऊन निघण्याऐवजी भरून निघालं होतं. डोकं मात्र खरंच कमी दुखायला लागलं होतं, आणि ती गावभर सांगत सुटली की हे डिटॉक्सचं काम. पोट भरलेलं असायचं आणि रोज दुपारी शेतात जाऊच्या शेजारी बसून हसणं व्हायचं, यातलं कशाचं काय झालं, मला आजही सांगता येणार नाही. हात होते तसेच होते.

ईनबाई आल्या त्या दिवशी थंडी होती आणि ऊन लख्ख होतं. सोबत माझी पोर, पोट पुढं आलेलं, गाल वर आलेले, चालताना कमरेवर हात. आणि केळीचा एक मोठा घड, अजून कच्चा, हिरवागार. जाऊनं त्या घडाकडं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की मला पदर तोंडाला लावावा लागला.

दुपारी सगळ्यांना हुरड्याला शेतात नेलं. हे तिचं डोकं. चार माणसांत, मोकळ्या हवेत, आपण कशा भराभर कामं करतो हे ईनबाईंना दिसेल असा तिचा बेत. आगटीचा धूर तिला सोसत नाही हे घरातल्या पोराबाळांना ठाऊक होतं, तेवढं त्या बेतात बसलं नाही. गोवऱ्यांचा निखारा फुलला, कणसं राखेत खोचली, वारा फिरला, आणि धूर सरळ तिच्या तोंडावर. थोड्याच वेळात डाव्या डोळ्यासमोर ते ओळखीचं नागमोडी चमकणं सुरू झालं.

ती हसत राहिली. डावा डोळा बारीक करून हसत राहिली. पोरीनं ओळखलं, आणि ती चटईवर सरकून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली, उन्हाला आडोसा करून.

मग ईनबाईंनी राखेतलं एक कणीस उचललं, फुंकर मारली आणि माझ्या पुढं धरलं.

"चोळून द्या की, ईनबाई. सुनेला तुमच्या हातचं खाऊ द्या."

हुरडा ज्यांनी चोळलाय त्यांना हे कळेल. कणीस चटका देत असताना ते दोन्ही तळव्यांत घट्ट धरून दाणे मोकळे करायचे असतात. बोटं मिटली पाहिजेत, तळव्याला जोर पाहिजे. ही तिची परीक्षा होती. तिनं कणीस घेतलं आणि चोळलं. अर्धे दाणे चटईवर, थोडे राखेत, मुठीत राहिले ते चिमूटभर. ती पुन्हा चोळायला गेली तर कणीसच निसटून ईनबाईंच्या पायाशी जाऊन पडलं.

जाऊलासुद्धा काही सुचलं नाही, यावरून काय ते समजा.

पोरीचं बाळंतपण हातचं गेलं, असं मला वाटलं. मान वर करून ईनबाईंच्या तोंडाकडं बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. तर त्या माझ्या हाताकडं बघतच नव्हत्या. धुराकडं पाठ करून बसलेल्या, पदर उजव्या डोळ्यावरून पार खाली ओढलेला, आणि पदराच्या आत अंगठा कानशिलावर रुतवून धरलेला. तो अंगठा मी ओळखते. तसा अंगठा हौसेनं कोणी रुतवत नाही.

मी जवळ सरकले. "ईनबाई, कोणती बाजू?"

त्यांनी पदर आणखी खाली ओढला. मग म्हणाल्या, "उजवी."

"माझी डावी."

"ठाऊक हाय."

"कवापासून?"

"न्हातीधुती झाले तवापासून. सासरी कळू दिलं न्हाई कुणाला. पोराचं लग्न झालं आन सुनेला पहिल्याच महिन्यात कळलं. तिनं घरी असंच बघितलं होतं ना. ती काळा चहा करून देती, डोकं बांधून देती, कोण आलं तर सांगती, सासूबाई देवाला गेल्या."

माझी पोर खाली मान घालून हुरड्यातलं कूस वेचत होती.

"मग तुमी बाळंतपण तिकडं काहून म्हणल्या?"

ईनबाईंनी पदर जरा वर केला. एका डोळ्यातून पाणी गळत होतं, धुराचं की कशाचं. "ती इकडं चार महिने आली तर माझं डोकं कोण बांधणार, ईनबाई?"

मला वाटलं होतं त्या माझे हात मोजायला आल्यात. आणि ही बाई आपल्या डोक्याच्या सोयीला आली होती. मला राग यायला पाहिजे होता. पण मला असं हसू फुटलं की दुखरं डोकं गदगदा हललं, आणि दुखतंय म्हणून आणखी हसू यायला लागलं. ईनबाई आधी बघत राहिल्या, मग त्याही सुटल्या, उजवा डोळा मिटून.

"अशी दोघी हसू नका गं," पोर म्हणाली, "माझं पोट दुखाया लागलं."

"तुमचं डावं, माझं उजवं," मी म्हणाले. "दोघींत मिळून एक डोकं चांगलं हाय. तुमी इकडंच या. पाहुण्या म्हणून न्हाई, राह्यला."

"सुनेच्या माहेरी राह्यला? लोक काय म्हणतील?"

यावर जाऊला वाचा फुटली. "लोकांना सांगू, ईनबाई देवाला आल्या."

त्याच आगटीवर जाऊनं चहा ठेवला, बिनदुधाचा, साखर दडपून. ईनबाईंनी पिशवीतून आपली गोळी काढली, मी माझी काढली. चहाचा पहिला घोट घशाखाली गेला आणि माझं डिटॉक्स तिथं शेतात संपलं. त्याच्यासाठी मी डोळ्यातून टिपूसही गाळला नाही. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून हिंगोलीला डॉक्टरांकडं गेलो. ते पुन्हा म्हणाले, जेवण वेळेवर करा. या वेळी मला ते हुशार वाटले.

चैत्रात हिंगोलीच्या दवाखान्यात पोर मोकळी झाली. मुलगी. घरी आणल्यावर ईनबाई पत्र्याची पेटी घेऊन राहायला आल्या आणि गावातल्या बायका काही ना काही निमित्त काढून आमच्या अंगणात डोकावून जायला लागल्या. विहीण विहिणीच्या घरी राहते, हे त्यांना सर्कशीइतकं नवं होतं.

पहिल्या न्हाणाला आम्ही उन्हं वर यायची वाट बघितली, कारण माझी बोटं त्याआधी कामाची नव्हती. तरीही तेल लावलेलं, निसटतं लेकरू मला धरवेना. ईनबाईंना धरता येत होतं, पण दुखऱ्या गुडघ्यांमुळं त्यांना खाली पाय पसरून बसता येईना. पोर बाजेवर उठून बसली, तिच्या तोंडावर काळजी. मग मी न्हाणीतल्या दगडावर बसले, पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. ईनबाई बाजूला बुटक्या स्टुलावर बसल्या आणि लेकरू माझ्या नडग्यांवर पालथं घातलं. पाय माझे, हात त्यांचे. मला काम एवढंच की एका हातानं लेकराचं कपाळ सावरून धरायचं, ते मला जमत होतं.

पहिला तांब्या पडल्याबरोबर नातीनं गाव गोळा होईल असा टाहो फोडला आणि माझ्या लुगड्यावर मुतली.

"पाय हलवू नका, ईनबाई."

"मी कुठं हलवून राहिले? हसू येतंय."

"मग हसू नका."

पण त्यांच्या हातातला तांब्याही हलत होता. बाहेरून आमच्या ह्यांनी विचारलं, "कोण रडून राहिलं? लेकरू का आज्ज्या?" पाठीवरून कोमट पाणी ओघळायला लागलं तसं लेकरू एकाएकी गप्प झालं, मुठी सोडल्या आणि माझ्या नडग्यांवर अंग सैल टाकलं. इतकं हलकं वजन, आणि मला ते पार टाचांपर्यंत जाणवत होतं.

ईनबाईंनी तांब्या थांबवला. "पुरे का?"

हंड्यात अजून पाणी होतं.

"ओता," मी म्हणाले.